खाज नसलेली सूज

सोमवार, ४ मार्च

ताई,

तुमचा भाऊ जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी तीच शंका तुमच्या मनात येणार. त्यानंतर तुम्हाला पत्र फाडावंसं वाटेल. फाडा, पण हे वाचून झाल्यावर.

फोन केले होते मी. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय हे माहीत होतं, तरी केले. मग त्याच्या फोनवरून केले, तेही तुम्ही उचलले नाहीत. इतके सारखे फोन तो करणार नाही, म्हणजे हीच असणार, असं ओळखलं असेल. बरोबर ओळखलंत. त्याला बोलता येत नव्हतं.

त्याची अक्कलदाढ कित्येक महिने ठणकत होती. तुमचा भाऊ म्हटल्यावर दुखणं अंगावर काढणार हे आलंच. शेवटी गुरुवारी दाढ काढून घेतली. शुक्रवारी सकाळी ओठ एका बाजूनं जाड दिसत होता. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं की थोडं सुजेल, म्हणून मी रुमालात बर्फ बांधून त्याच्या हातात दिला आणि कामावर गेले. मी आता एका हॉटेलच्या धुलाईघरात असते, चादरींना इस्त्री करायला. तिथे फोन जवळ ठेवू देत नाहीत. आमच्या मुकादमबाईच धावत आल्या. "तुझ्या घरून फोन आहे, पण कोण बोलतंय तेच कळेना." तो "जीभ, जीभ" म्हणत होता. मला "दीभ" ऐकू आलं.

घरी पोचले तर जिन्याच्या पायरीवर पुढे वाकून बसला होता. तोंडाखाली टॉवेल धरलेला. थुंकी गिळता येत नव्हती, सगळी त्यात गळत होती. जीभ दातांच्या बाहेर आली होती, ताई. मला बघून तो हसायला गेला, आणि ते फार भयंकर दिसलं.

अपघात विभागात पहिला प्रश्न हाच आला, "काय खाल्लं होतं?"

तुमच्या आई गेल्या तेव्हाही हाच पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर तुम्ही दिलं होतंत.

"कालपासून नुसतं भोपळ्याचं सूप," मी म्हटलं.

"सुपात आणखी काय होतं? आठवा. अंडं, दाणे, काहीही."

"मीठ."

त्यांनी ॲलर्जीची इंजेक्शनं दिली. एक झालं, दुसरं झालं, मग शिरेतून काहीतरी सोडलं. सूज तसूभर हलली नाही, उलट मान भरत गेली. तिथला तरुण डॉक्टर मला म्हणाला, "उतरेल, थोडा वेळ द्या." तो हे म्हणत असतानाच मागे याचे ओठ निळे पडले. मग मला बाहेर काढलं. पुन्हा आत घेतलं तेव्हा त्याच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवलेली होती आणि तो श्वास घेत होता.

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. केस पांढरे, पायात पळायचे बूट. त्यांनी काय खाल्लं ते विचारलंच नाही. "खाज सुटली होती का?" म्हणाल्या. "अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या?"

"नाही."

"आधी कधी हातपाय सुजायचे?"

"नेहमीच. फरश्या बसवायचं काम आहे त्याचं. दिवसभर गुडघ्यावर बसायचं, हातात हातोडा. सुजणारच की."

"पोटात कळा?"

"अधूनमधून."

"घरात असं आणखी कुणाला झालंय?"

मी आईंचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांचाही त्या दिवसांत दात काढला होता का हो?"

काढला होता, ताई. त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशी. तुम्ही आलात तेव्हा त्यांचा गाल सुजलेला होता आणि तुम्हीच म्हणालात, आई, एका बाजूनं बाळसं धरलंस.

अजून पक्कं व्हायचंय, रक्त तपासायला गेलंय. पण हे खरं निघालं तर ते रक्ताच्या नात्यातून येतं म्हणे. आईला किंवा वडिलांना असलं, की प्रत्येक मुलाला असायची शक्यता निम्मी. तुम्ही आईंच्या लेक. चिमणी तुमची लेक. बाईंनी चाचण्यांची नावं लिहून दिली आहेत, तो कागद सोबत जोडलाय. सी-फोर, आणि सी-वन इनहिबिटर म्हणून एक आहे. दोघींनी करून घ्या. तोवर दात काढणं, कसलंही ऑपरेशन ठरलं असेल तर थांबवा आणि डॉक्टरांना हे आधी सांगा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावर ठेवा.

तुमची भावजय

रविवार, १७ मार्च

ताई,

तुमचं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो, असं मी धरून चालले आहे.

रक्ताचा निकाल आला. तेच आहे. आनुवंशिक अँजिओएडेमा. हे नाव बाईंनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी अडखळले, तर म्हणाल्या, पाठ करा, कारण पुढच्या वेळी अपघात विभागात तुम्हालाच हे सांगावं लागेल, सगळ्यांना माहीत नसतं. आता मी चादरी घडी करताना पुटपुटत असते. शेजारची बाई विचारते, कसला जप चाललाय?

तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला नीट कारण लागतं. मला समजलं तसं सांगते. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, त्याचं काम ब्रेक लावायचं. ते तुमच्या भावाकडे फार कमी आहे. त्यामुळे कुठे मार बसला, दाब पडला, दात काढला, फार ताण झाला, किंवा काहीच झालं नाही तरी, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि मांसात साठतं. हात, पाय, ओठ, आतडी. आणि गळा. दोनचार दिवसांत आपोआप उतरतं, गळा सोडून, कारण गळा तेवढे दिवस देत नाही.

"मग ॲलर्जी नाही?" मी विचारलं.

"ॲलर्जीत अंग बाहेरच्या कशावर तरी चिडतं," बाई म्हणाल्या. "तिथे खाज असते, गांधी असतात, आणि ॲलर्जीच्या औषधानं उतार पडतो. यात बाहेरचं कुणी नाहीच. म्हणून ती इंजेक्शनं चालली नाहीत."

"आणि आक्रोड?"

"कसले आक्रोड?"

"केकमधले. आईंनी केक खाल्ला होता. माझ्या हातचा."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आदल्या दिवशी दात काढलाय," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी गाल सुजलाय, अंगावर गांध नाही, इंजेक्शनांनी फरक नाही, आणि मुलाला हा आजार. केक खाल्ला नसता तरी हेच झालं असतं."

मी त्यांना थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन पाण्याच्या मशिनपाशी उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तहान लागली होती, तर पाणी प्याले.

आमच्या घरात काय काय बंद आहे ते तुम्हाला माहीत नसेल. आईंनंतर त्यानं आधी सुकामेवा सोडला. मग एकदा हात सुजला तेव्हा घरात अंडी होती, म्हणून अंडी गेली. मग दूध. मग टोमॅटो. वांगं तर बिचारं कधी आलंही नव्हतं, तरी गेलं. आमची लेक ठकी म्हणते, आपल्या फ्रीजमध्ये फक्त दिवा आहे. आता परवा बाईंनी त्याला सांगितलं, "खा सगळं." तो घरी येऊन टेबलापाशी बसला आणि त्याला काय मागावं तेच कळेना.

एक विचारते. तुमच्या पोटात वरचेवर कळा यायच्या. आई सांगायच्या, एकदा मरणाच्या कळा म्हणून अपेंडिक्स काढलं आणि ते अगदी धडधाकट निघालं, डॉक्टरच खजील झाले. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं, आतड्यालाच सूज असते, आणि भलतंच कापलं जातं. तुम्हाला अजून कळा येतात का?

त्याच्या गळ्यातली नळी काढली आहे. भोकावर बोट ठेवून बोलतो. आवाज फाटका आहे, पण आहे.

ठकीचंही रक्त दिलंय. तिचं नंतर लिहीन. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आईंच्या वेळी ती माझ्या पोटात होती, आणि ते तुम्हाला तेव्हा माहीत होतं.

भावजय

रविवार, ७ एप्रिल

ताई,

आज सुट्टी. सकाळपासून खुर्चीत बसून आहे. उठायचं म्हणते आणि बसते. धुलाईघरात सगळ्यांचेच गुडघे जातात, मी एकटी नाही. वाफेनं केसांचा रंगही जातो. तुम्ही मला रस्त्यात ओळखणार नाही.

काल तुमच्या भावाशी भांडले. खरं तर भांडायची ताकद नव्हती, पण विषय निघाला. मी तुम्हाला पत्रं लिहिते हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला? तिला वाटेल आपण हिशेब चुकते करतोय."

"तिच्या पोरीचा गळा सुजला तर?"

सवयीनं गळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "तुला राग नाही येत तिचा?"

मी म्हटलं, "तू सांग. तुला काय वाटायचं? इतकी वर्षं. मी मारलं असं?"

त्याला नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला. नंतर म्हणाला, "मारलं असं कधीच नाही. पण केकमुळे... वाटायचं, असेलही."

ताई, तुम्ही आईंच्या दारात, सगळ्यांसमोर, मावशी आणि त्यांची मुलं उभी असताना म्हणालात, "हिनं घातलं आईला खायला." तुम्ही निदान बोललात. हा माझ्याशेजारी झोपला, पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, माझ्या तापात रात्र रात्र जागला, आणि मनात "असेलही" घेऊन वावरला. त्यानं माझ्या हातचं गोड कधी खाल्लं नाही. मी समजायची, आईंची आठवण येत असेल.

मी बेकरी का सोडली ते तुम्ही कुणाला तरी विचारलं होतं म्हणे. मालकांनी काढलं नव्हतं. ते भले होते, उलट म्हणाले, काही दिवस पावाकडे बघ, केकचं दुसरं कुणी बघेल. पण भट्टीतून ट्रे काढला की माझ्या मनात यायचं, हे कोण खाणार आहे, त्याला काय होईल. गिऱ्हाईक दारातून बाहेर गेलं की मी काचेतून बघत राहायची, माणूस चालतोय ना. असं काम होत नाही. चादर बरी. चादर खाऊन कुणी मरत नाही.

आणि त्या दिवशीचं मी एकदाच सांगते. आक्रोडाचा केक आईंनीच सांगितला होता. जन्मभर आक्रोड खाल्ले होते त्यांनी. सकाळीच त्या मला म्हणाल्या होत्या, "घसा जड झालाय गं, दाताचं पाणी उतरलं वाटतं." हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. कुणी ऐकलं नाही, कारण केक समोर टेबलावर होता आणि घसा कुणाला दिसत नव्हता.

झालं. आता हे परत लिहिणार नाही.

ठकी बरी आहे. तिला लांब उडीत बक्षीस मिळालं.

भावजय

गुरुवार, २५ एप्रिल

ताई,

चिमणीचा फोन आला. तुम्हाला माहीत आहेच, मी त्या कागदाखाली लिहिलेला धुलाईघराचा नंबर तुम्हीच तिला दिलात.

मी चादरींच्या गाडीशी होते. मुकादमबाई म्हणाल्या, "कुणीतरी मामी आहे का विचारतंय." इथे मला मामी म्हणणारं कुणी नाही. मला वाटलं, चुकीचा नंबर.

"मामी, मी चिमणी."

केवढा मोठा आवाज झालाय तिचा. शेवटचा ऐकला तेव्हा ती दुधाचे दात पडल्यामुळे बोबडी बोलत होती.

"मामी, आईनं आम्हा दोघींचं रक्त तपासायला लावलं. का ते सांगेचना. भांडले मी तिच्याशी. शेवटी म्हणाली, मामीला विचार, मला सांगता येत नाही. आणि आत जाऊन दार लावून घेतलं."

"निकाल काय आला?"

"दोघींनाही आहे."

मी तिथेच, ओल्या चादरींवर बसले.

ती सांगत होती, वर्षभर तिच्या पापण्या, ओठ सुजतात. ॲलर्जी म्हणून गोळ्या चालू आहेत, साबण बदलले, मांजर मैत्रिणीला देऊन टाकलं. मी विचारलं, या वर्षात नवीन काय सुरू केलंस? ती लाजली. मग म्हणाली, पाळी वेळेवर यावी म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हे बजावून सांगितलं होतं, त्या गोळ्यांनी हा आजार उसळतो. मी म्हटलं, आजच तुझ्या डॉक्टरांना फोन कर, गोळीचं आणि आजाराचं नाव दोन्ही सांग, आणि दुसरं काही द्यायला सांग. "आणि मांजर परत आण."

ती हसली. मग विचारलं, "मामी, आई तुझ्याशी का बोलत नाही?"

मी म्हटलं, "मोठी माणसं असतात अशी." ताई, मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पत्रं वाचलीत, चाचणी केलीत. बरं केलंत.

भावजय

रविवार, १२ मे

ताई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर बघून आधी मलाही शंका आली, काही झालं का. मग उघडलं.

तुम्ही लिहिलंय, मला क्षमा कर, मी कोणत्या तोंडानं मागू. दोनदा वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. त्याला दाखवलं नाही. तो रडला असता आणि मग मला त्याची समजूत घालावी लागली असती. तेवढी ताकद उरलेली नाही.

खरं सांगते, मला आत काही झालं नाही. इतकी वर्षं मी मनात या पत्राची वाट बघत होते, झोप येत नसली की तुम्ही काय म्हणाल आणि मी काय म्हणेन हे घोळवायची. माझी उत्तरं फार छान असायची. आता पत्र हातात आहे आणि मला फक्त वाटतंय, उद्या पहिल्या पाळीला जायचंय.

तुम्ही विचारलंत, ठकीचं काय. तुम्ही लक्षात ठेवून विचारलंत म्हणून सांगते. तिलाही आहे. तुम्हाला दुसरं पत्र लिहिलं त्यानंतर दोनच दिवसांत कळलं होतं. लिहिवत नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, मनात हेही होतं की माझ्या लेकीचं दुखणं तुमच्या हातात का द्यावं.

शाळेत जाताना तिचं पोट दुखायचं. दिवस दिवस दुखायचं, उलट्या व्हायच्या, मग बरं वाटायचं. आम्ही म्हणायचो, नाटकं करते, परीक्षा आली की बरोबर दुखतं. मी एकदा तिला तशीच ओढत शाळेच्या फाटकापर्यंत नेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परीक्षा आली की दुखणारच, ताण पडला की येतं ते. आता आम्ही घरात इंजेक्शन ठेवलंय, पोटाच्या कातडीखाली टोचायचं. मला शिकवलं. पहिल्यांदा मीच घामाघूम झाले. आठ वर्षांची पोर मला म्हणते, "आई, तू डोळे उघड ना."

चिमणीच्या इंजेक्शनाची तुम्हाला भीती वाटते असं लिहिलंय. सगळ्यांना वाटते. शिकाल. आणि टोचलं तरी आवाज बदलला, गिळताना अडकलं, की घरी थांबू नका. थेट दवाखाना.

क्षमेचं मला आत्ता काही सांगता येत नाही. पण एक मागते. तुम्ही मला एकांतात पत्र लिहिलंय. म्हणालात मात्र सगळ्यांसमोर. मावशी होत्या, त्यांची दोन्ही मुलं होती, सुना होत्या. त्यांच्यापैकी कुणी आजवर माझ्या घरी पाणी प्यायलेलं नाही. त्यांना सांगा. मावशी आईंच्या सख्ख्या बहीण. त्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना हे असू शकतं. सांगायला तर हवंच, आणि सांगताना कारण सांगावंच लागेल. मावशींच्या धाकट्या नातीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय असं माझ्या कानावर आलंय. मी फोन केला तर उचलणार नाहीत. तुमचा उचलतील.

मला पुन्हा क्षमेचं पत्र लिहू नका. त्यांना फोन करा.

भावजय

रविवार, ९ जून

ताई,

मावशी आल्या होत्या.

मी दार उघडलं तर उंबऱ्यात त्या, हातात पिशवी, दम लागलेला. आमच्या जिन्याला कठडा नाही, कशा चढल्या कोण जाणे. मी आत या म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाणी दे."

त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि सांगितलं. तुम्ही फोन केला नाहीत. एवढा प्रवास करून स्वतः गेलात. मुलं, सुना सगळी बसवलीत आणि उभं राहून सांगितलंत. मावशी म्हणाल्या, "शाळेत शिकवते तशी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत होती. रक्ताचं सगळं समजावलं. मग म्हणाली, भावजयीचा काही दोष नव्हता, मी खोटं बोलले होते, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतंत, आता हेही ऐका. आणि मग खालीच बसली."

"खोटं नाही," मी म्हटलं. "त्यांना तसं वाटलं होतं."

मी तुमची बाजू घेतली, ताई. मला माझंच नवल वाटलं.

टॉन्सिलचं ऑपरेशन थांबवलंय. नातीचा निकाल यायचाय, पण मावशींचा आला आणि त्यांना आहे. म्हणाल्या, "सत्तरी उलटली, पाय सुजतात तर मी मिठाला शिव्या घालत होते." बराच वेळ बसल्या. माझ्याशी फार बोलल्या नाहीत. बसल्या बसल्या ठकीची वेणी घातली. जाताना माझा हात धरून उभ्या राहिल्या, काहीतरी म्हणायचं होतं, जमलं नाही, तर म्हणाल्या, "जिन्याला कठडा लावून घ्या बाई."

त्या गेल्यावर मी कपडेही न बदलता आडवी झाले. दुपार होती. ऊन थेट तोंडावर येत होतं, उठून पडदा ओढायचंही सुचलं नाही. तुमच्या भावानं ओढला असावा. जागी झाले तेव्हा दिवेलागण झाली होती, ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं आणि दोघं शेजारच्या खोलीत कुजबुजत बोलत होती, मी उठू नये म्हणून. अशी झोप मला आठवत नाही कधी लागलेली.

तो बदललाय असं काही नाही. परवा मात्र समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मी तेव्हा तुझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं." मी म्हटलं, हो. तो आणखी काही ऐकायला थांबला होता. हो एवढंच खरं होतं. आमचं चाललंय. काही दिवस बरं, काही दिवस मी त्याच्याकडे बघतही नाही.

तुमचं पत्र आलं, सुट्टीत चिमणीला घेऊन येऊ का असं विचारलंय. मी दोन दिवस विचार केला. तुम्ही आलात की काय होईल मला माहीत नाही. कदाचित मी चांगली वागेन, कदाचित नाही. घर लहान आहे, रुसायला वेगळी खोली नाही. तुम्हालाही माझ्यासारखंच तोंडावर हसू आणून बसावं लागेल. पण या.

ठकीला सांगितलं, आत्या येणार आहे, आणि जे तुला आहे तेच तिलाही आहे. मी वाट बघत होते, ती विचारेल आजवर का नाही आली, मग काय सांगायचं. तिनं ते विचारलंच नाही.

म्हणाली, "तिला पण सुई दुखते का, ते मी तिला विचारणार आहे."

तुमची भावजय